पुट्टीला अभिनय येत नाही

"चेहऱ्यावर पुट्टी थापली का कोनीबी भूत होते ना भाऊ, त्यात अ‍ॅक्टिंग कायची?" नागपूरजवळच्या कन्हानमध्ये चहाच्या टपरीवर बोरिस कार्लोफचं नाव काढलं की हे उत्तर ठरलेलं. उत्तर देणाऱ्याने कार्लोफ ज्यात राक्षस झाला तो १९३१ चा 'फ्रँकेन्स्टाइन' पाहिलेला असतोच असं नाही. सपाट डोकं, मानेतले खिळे, जडावलेल्या पापण्या एवढं चित्र मात्र शाळकरी पोरांनाही पाठ असतं. टी-शर्टवर ते असतं, कार्टूनमध्ये असतं. नाव विचारलं तर बहुतेक जण 'फ्रँकेन्स्टाइन' म्हणतात, आणि ते तर त्याला घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव. जगभर ओळखला जाणारा हा चेहरा, पण पात्रालाही नाव नाही आणि नटाचंही कोणाच्या लक्षात नाही. अशा वेळी सगळं श्रेय रंगवणाऱ्याला जाणार, हे ओघानेच आलं.

हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. जॅक पिअर्सची रंगभूषा अजोड होती. ती चढवायला रोज चार-चार तास लागत. खुद्द स्टुडिओलाही नटाचं फारसं अप्रूप नसावं. चित्रपटाच्या सुरुवातीच्या नामावलीत राक्षसापुढे नटाचं नाव नाही, नुसतं प्रश्नचिन्ह आहे. ती जाहिरातीची चतुराई होती हे खरं, पण नायकाच्या नावापुढे असं प्रश्नचिन्ह टाकायची कोणाची छाती झाली असती? कार्लोफ तेव्हा चव्वेचाळिशीला आलेला होता. कितीतरी चित्रपटांत फुटकळ कामं करून झाली होती, मधल्या काळात हमाली आणि ट्रक चालवणंही झालं होतं. ही भूमिका आधी 'ड्रॅक्युला' गाजवलेल्या बेला लुगोसीकडे गेली होती. तिथे जमलं नाही म्हणून ती याच्या वाट्याला आली.

तर मग पुट्टी काढून बाजूला ठेवू आणि उरतं काय ते बघू. त्यासाठी हॉलिवूडच्या समीक्षकांकडे जायची गरज नाही, भरतमुनी पुरेसे आहेत. नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. रंगभूषा आणि वेषभूषा हे आहार्य. टपरीवरच्या आक्षेपाचा अर्थ एवढाच, की या नटाजवळ आहार्याशिवाय काही नाही. वाचिक तर पहिल्या चित्रपटात नाहीच. गुरगुरणं आणि हुंकार, संपलं. चेहरा अर्धा झाकलेला. म्हणजे नटाच्या हाती राहिले हातपाय, डोळे आणि आतून येणारं सत्त्व.

आता तो प्रसंग पाहा. राक्षस अंधाऱ्या खोलीत बसलाय. वरची झडप उघडते आणि उजेड खाली येतो. त्याने उजेड पहिल्यांदाच पाहिला आहे. मान हळूहळू वर जाते, मग अख्खं शरीर उभं राहतं, दोन्ही हात वर होतात आणि बोटं तो उजेड चिमटीत धरू पाहतात. तेवढ्यात झडप लावली जाते. हात खाली येतात, तळवे वर वळतात आणि ते तळवे तो आपल्या निर्मात्यापुढे धरतो. मिनिटभराचा खेळ, एकही शब्द नाही. तान्ह्या मुलाची भूक आणि अनाथाची याचना या दोन्ही गोष्टी त्या तळव्यांत आहेत. पिअर्सने त्या हातांना रंग दिला असेल, पण ते वळवले कार्लोफने.

आणखी एक गोष्ट पुट्टीवाल्यांना सहसा माहीत नसते. डोळे फार जिवंत दिसतात, नुकत्या जन्मलेल्याला एवढं उमजत नसणार, म्हणून पापण्यांवर मेण चढवावं ही सूचना नटाची होती. गाल एका बाजूने आत गेलेला दिसावा म्हणून त्याने तोंडातले कृत्रिम दात काढून ठेवले. म्हणजे ज्या आहार्याच्या नावाने त्याला नाकारायचं, तेही अर्धंमुर्धं त्याचंच.

तरी समाधान होत नसेल तर १९४५ चा 'द बॉडी स्नॅचर' लावा. निर्माता व्हॅल लूटन, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, मूळ कथा स्टीव्हन्सनची. इथे पुट्टीचा कणही नाही. कार्लोफ एडिंबरामधला घोडागाडीवाला आहे, नाव ग्रे. दिवसा सवाऱ्या नेतो, रात्री डॉक्टरांना चिरफाडीसाठी मुडदे पुरवतो. चित्रपटाच्या सुरुवातीलाच चालता न येणारी एक लहान मुलगी त्याच्या गाडीतून येते. हा तिला उचलून घेतो, आपल्या पांढऱ्या घोड्यापाशी नेतो, आणि हा तुला ओळखेल, रस्त्यात दिसलीस की नमस्कार करेल असं सांगतो. यात लबाडी नाही. तो खरोखरच प्रेमळ आहे. आणि हाच माणूस पुढे रस्त्यावर गाणाऱ्या एका गरीब मुलीच्या मागे गाडी घालतो. कमानीखालच्या अंधारात आधी ती जाते, मग गाडी. गाणं ऐकू येत राहतं आणि मधेच तुटतं. वाइजने रक्ताचा थेंब दाखवलेला नाही. पण आपल्याला धसका बसतो, कारण घोड्याशेजारचा तो मृदू आवाज अजून आपल्या कानात असतो. ग्रे डॉक्टरला सतत त्याच्या जुन्या लाडक्या नावाने हाक मारतो, आणि प्रत्येक हाकेत तुला मी विकत घेतलंय ही धमकी असते. वाचिक अभिनय म्हणतात तो हा. माझ्या मते कार्लोफचं सगळ्यात मोठं काम हेच, 'फ्रँकेन्स्टाइन'पेक्षाही.

शिकलेल्या मंडळींचा सूर वेगळा असतो. नट चांगला असेल हो, पण प्रकारच हलका. भूतखेतं दाखवून कोणी कलावंत होतो का? या लोकांना भयानक हा रस आहे आणि तो शृंगार, वीर, करुण यांच्याच पंक्तीत बसवलेला आहे, याची आठवण द्यावी लागते. मराठीत तर हा पंक्तिप्रपंच जुनाच. नारायण धारप आयुष्यभर भयकथा लिहीत राहिले, घराघरांत उशाखाली वाचले गेले, आणि 'साहित्य' म्हणून त्यांच्याकडे पाहायला अनेकांना त्यांच्या कथेशी नातं सांगणाऱ्या २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटापर्यंत थांबावं लागलं. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर पाहणारी कॉलनी सकाळी मात्र 'टाइमपास' म्हणून मोकळी व्हायची. मी रामसेंची तरफदारी करणार नाही. त्यातला सैतान सामरी अंगावर येतो, पण त्याला काय हवंय हे प्रेक्षकाला कधी विचारावंसं वाटत नाही. कार्लोफच्या राक्षसाबाबत तो प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत पडतो.

राक्षसाला काय हवंय हे न विचारण्याची सवय आपल्यालाही आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, काळी आणि पिवळी, सोबत बडगे. रोगराई, महागाई, वर्षभराची सगळी पीडा त्यांच्या माथी मारायची आणि गावाबाहेर नेऊन त्यांना जाळायचं. काळी मारबत भोसल्यांच्या घराण्यातल्या बाकाबाईची, इंग्रजांना सामील झाल्याच्या रागातून आलेली, असं सांगतात. म्हणजे त्या पुतळ्यामागे एक हाडामांसाची बाई होती. पण मिरवणुकीत नाचताना तिच्या बाजूने कोण विचार करतो? करायचा नसतोच, नाहीतर मिरवणूक निघायची नाही. 'फ्रँकेन्स्टाइन'च्या शेवटीही गाव मशाली घेऊन धावतं आणि पवनचक्की पेटवून देतं. फरक एवढाच, की त्या वेळी प्रेक्षक गावकऱ्यांत उभा राहू शकत नाही. तुळईखाली अडकलेला, आगीला पाहून ओरडणारा तो जीव त्याला आपला वाटू लागलेला असतो. मारबतीच्या जागी प्रेक्षकाला नेऊन उभं करणं हे कार्लोफने केलं. भयानकात करुण मिसळायला किती तोल लागतो, हे ज्याने एकदा तरी रंगमंचावर पाऊल ठेवलंय त्याला सांगावं लागणार नाही.

हा तोल सेन्सॉरला मात्र कळला नाही. तळ्याकाठी एक लहान मुलगी राक्षसासोबत खेळते. दोघं पाण्यात फुलं टाकतात, फुलं तरंगतात. फुलं संपतात तेव्हा त्याच्या बाळबुद्धीला वाटतं, हीसुद्धा तरंगेल. तो तिला उचलून टाकतो, ती बुडते आणि तो घाबरून पळत सुटतो. मुलीला असं फेकावं हे कार्लोफला स्वतःलाही पटलं नव्हतं. कात्री अशी चालली की राक्षस मुलीकडे हात नेतो तिथेच दृश्य तुटतं, आणि पुढे एकदम बाप तिचं प्रेत घेऊन गावातून चालताना दिसतो. मधल्या वेळात राक्षसाने काय केलं असेल, याची कल्पना प्रेक्षकावर सोडली. सभ्यतेच्या नावाखाली अपघाताचा अत्याचार करून टाकला! तो तुकडा १९८० च्या दशकात पुन्हा जोडला गेला. मधली पन्नासएक वर्षं राक्षसाची जी बदनामी झाली तिचे धनी सेन्सॉरवाले.

चाहता आहे म्हणून नटाचं सगळंच मान्य करायला हवं असंही नाही. १९३५ च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये राक्षस बोलू लागतो, त्याला कार्लोफचा विरोध होता. बोलला की मोहिनी गेली, असं त्याचं मत. पण आंधळ्या संन्याशाच्या झोपडीतला प्रसंग आठवा. व्हायोलिन ऐकून हा दारात येतो, भाकरी खातो, पहिल्यांदा कोणीतरी त्याला मित्र म्हणतं आणि तो ते शब्द अडखळत परत म्हणतो. ते अडखळणं नसतं तर पुढे बंदूक घेतलेली माणसं आल्यावर आपला घसा दाटला नसता. इथे दिग्दर्शक जेम्स व्हेल बरोबर होता आणि कार्लोफ चुकला होता.

'द मास्क ऑफ फू मांचू' (१९३२) मात्र कोणत्याच चाहत्याने पाठीशी घालू नये. चिनी माणूस म्हणजे क्रूर, कपटी, गोऱ्यांच्या बायकांवर डोळा ठेवणारा, हा त्या चित्रपटाचा सगळा मसाला. कार्लोफ त्यात मजेत वाहवत जातो, आणि म्हणूनच तो अधिक ओंगळ वाटतो. काळ तसा होता ही सबब पुरत नाही. ज्याने एका राक्षसाला माणूस केलं, त्यानेच माणसांना राक्षस केलं.

आता कौतुकाकडे वळतो. ते मला आक्षेपांहून जास्त खटकतं. "अरे, कार्लोफ तर आपला! त्याची आजी नगरची." माहिती अर्धवट असली तरी निराधार नाही. कार्लोफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडनचा, १८८७ चा. त्याच्या आईची मावशी म्हणजे सयामच्या राजवाड्यात शिक्षिका म्हणून गेलेली ॲना लिओनोवेन्स, जिच्यावर पुढे 'द किंग अँड आय' आलं. ॲना १८३१ मध्ये अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला जन्मली. बाप मुंबई फौजेतला सार्जंट, तिच्या जन्माआधीच वारलेला. तिचं लग्न १८४९ मध्ये पुण्यात झालं. तिच्या आजोळी भारतीय रक्त होतं असं अभ्यासकांचं अनुमान आहे. ॲनाने हे सगळं पुसून टाकलं, जन्म वेल्समधला सांगितला आणि सख्ख्या बहिणीच्या घराशी संबंध तोडले. खरं काय ते उघड केलं १९७६ मध्ये ब्रिस्टो नावाच्या माणसाने, आणि तो मुळात कोळ्यांचा अभ्यासक. जाळी उकलायची सवय असणार!

कन्हान नदी ओलांडली की कामठीची छावणी, १८२१ ची. अशा छावण्यांत अशी किती घरं असतील: बाप गोरा शिपाई, आई इथलीच, आणि मुलांना आयुष्यभर आपला जन्म लपवण्याची सक्ती. त्यामुळे ॲनाची गोष्ट मला परकी वाटत नाही. पण तिच्यावरून कार्लोफवर हक्क सांगणं हा पोकळ अभिमान झाला. त्याचे वडील ब्रिटिश हिंदुस्थानच्या मिठाच्या महसूल खात्यात नोकरीला होते आणि एक मोठा भाऊ चीनमध्ये ब्रिटिश वकिलातीच्या सेवेत वर चढला. हा मात्र सावळा वर्ण घेऊन कॅनडात पळाला आणि रशियन वाटेल असं नाव लावून बसला. सावळेपणामुळे त्याला हॉलिवूडने अरब, हिंदी, रेड इंडियन अशीच कामं दिली. पुढे 'साबाका' नावाच्या सुमार चित्रपटात तो हिंदुस्थानी सेनापतीही झाला, आणि त्यात नगरच्या रक्ताचा काही चमत्कार दिसत नाही. रक्ताने अभिनय येत असता तर नगरमध्ये घरटी एक कार्लोफ निघाला असता.

कन्हानने आपुलकी दाखवायचीच तर त्याला वेगळं कारण आहे. हे कोळसा खाणींचं आणि कारखान्यांचं गाव. पाळी, ओव्हरटाइम, युनियन हे शब्द इथे पोरं घरातच शिकतात. 'फ्रँकेन्स्टाइन'च्या चित्रीकरणात जड बूट आणि अवजड पोशाख चढवून कार्लोफकडून दिवसदिवस, कधी रात्र उलटेपर्यंत काम करून घेतलं गेलं. शास्त्रज्ञाला खांद्यावर टाकून टेकडी चढण्याच्या दृश्यापायी पाठीचं दुखणं जन्माला पुरलं. १९३३ मध्ये नटांची संघटना, स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड, उभी राहिली तेव्हा स्टुडिओच्या रोषाची पर्वा न करता तो पहिल्या सभासदांत होता. कार्ड नंबर ९. आमच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये झालं. त्याआधी खाजगी मालकांच्या हाताखाली ज्यांनी पाळ्या केल्या, त्यांना त्या नवव्या नंबराची किंमत मी सांगायला नको.

राहता राहिली तरुण पोरांची तक्रार: आता या जुन्या चित्रपटांना कोण घाबरतं? खुद्द कार्लोफने याचं उत्तर देऊन ठेवलंय. पीटर बॉग्दानोविचचा 'टार्गेट्स' १९६८ मध्ये आला. कार्लोफ तेव्हा ऐंशीला टेकलेला, श्वास अपुरा, पाय निकामी होत चाललेले. त्यात तो जवळपास स्वतःचीच भूमिका करतो, भयपटांतला म्हातारा नट बायरन ऑर्लोक. वर्तमानपत्रात येणाऱ्या खऱ्या खुनांपुढे आपलं भय पोरखेळ झालंय म्हणून त्याला निवृत्त व्हायचंय. समांतर एक गोरागोमटा, घरंदाज मुलगा बंदुका गोळा करतोय. शेवटी तो उघड्यावरच्या चित्रपटगृहात पडद्यामागून प्रेक्षकांवर गोळ्या झाडतो. ऑर्लोक काठी टेकत त्याच्याकडे चालू लागतो, आणि त्याच वेळी पडद्यावरही ऑर्लोक चालत येत असतो. मुलगा गोंधळतो, खरा कोणता ते त्याला कळेना, दोघांवरही गोळ्या झाडतो. म्हातारा जवळ येतो, काठीने त्याच्या हातातली बंदूक उडवतो आणि त्याच्या थोबाडीत मारतो. मुलगा कोपऱ्यात मुटकुळं करून बसतो.

टपरीवरच्या मित्राला मी हाच चित्रपट आधी दाखवणार आहे. राक्षस नंतर.