पंचनाम्यात बाई कुठे आहे?



पुलगाववर आजवर कोणकोणत्या आपत्ती आल्या असे विचारले, की पहिले उत्तर मिळते ते दारूगोळा भांडाराच्या आगीचे. ३१ मे २०१६ च्या पहाटेपूर्वी लागलेल्या त्या आगीत जवान, अधिकारी आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी गेले आणि वर्धा जिल्ह्यातले हे छोटे गाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. पण ती आग माणसाच्या कारभारातली होती. ऊन, पाऊस, वीज आणि नदी यांनी या गावाचे काय केले, हा प्रश्न वेगळा. त्याचे उत्तर मला कुठल्याच दप्तरात पुरे सापडत नाही. जे सापडते त्यात बाई जवळपास नाही. हा अंक त्यासाठी आहे.

आधी नदी. मध्य प्रदेशात मुलताईकडे उगम पावणारी वर्धा पुलगावच्या कुशीतून जाते. याच नदीने वरच्या अंगाला, नरखेड तालुक्यातल्या मोवाडला, ३० जुलै १९९१ रोजी २०४ माणसे नेली. आता नदीवर मोर्शीजवळ अप्पर वर्धा आणि आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा अशी धरणे आहेत. त्यामुळे खालच्या गावांचा पूर आज केवळ आभाळावर ठरत नाही, धरणाची दारे किती आणि कधी उघडतात यावरही ठरतो. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत वर्धा जिल्ह्याने हे पुन्हा पाहिले. दारे उघडण्याआधी इशारा दिला जातो, हे खरे. पण तो कोणापर्यंत पोचतो? फोन घरातल्या पुरुषाच्या खिशात, आणि नदीवर धुणे घेऊन गेलेली, पात्रात डांगरवाडी लावणारी, काठावर जनावरे चारणारी असते बाई. इशाऱ्याची व्यवस्था करताना हा साधा विचार कोणी केला आहे का?

तरीही पुराला निदान तारीख असते. उन्हाला तारीख नसते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, यात आपल्याला नवल वाटत नाही, आणि हीच खरी अडचण आहे. हवामान खाते तापमान मोजते ते सावलीत, पांढऱ्या हवेशीर पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर. टिनाच्या छपराखाली चुलीपुढे बसलेल्या, वीटभट्टीवर विटा वाहणाऱ्या किंवा पऱ्हाटी उपटून रान मोकळे करणाऱ्या बाईचे ऊन त्या पेटीत येत नाही. त्यात आडोसा नाही म्हणून ती दिवसभर पाणीच कमी पिते. लघवीची आग, चक्कर, मूत्रपिंडाचे दुखणे हे सारे मग तिचे 'नेहमीचे दुखणे' होते. उन्हाने माणूस गेला तरी अनेकदा हृदय बंद पडले एवढीच नोंद होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०२२ साली देशभरात उष्माघाताने ७३० मृत्यू आहेत. एवढ्या मोठ्या देशात एवढेच? मोजणीच अपुरी आहे, असे मला वाटते.

त्याच वर्षी वीज पडून २,८८७ माणसे गेली. ही माणसे बहुतेक उघड्या रानातली. पहिल्या पावसानंतर पेरणी, मग निंदण. सोयाबीन-कपाशीच्या वावरात ओळीने वाकलेल्या बाया. आभाळ गरजले की झाडाखाली धावायचे, आणि तीच जागा सर्वांत धोक्याची. काम थांबवून घरी जावे तर रोज बुडतो. म्हणून विजेपासूनचा बचाव हा केवळ माहितीचा प्रश्न नाही, तो मजुरीचाही प्रश्न आहे.

आता पंचनाम्याकडे वळू. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाले तर मदत. २०२३ मध्ये राज्य सरकारने सततच्या पावसालाही आपत्ती मानले, हे चांगलेच झाले. पण तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर येतात तेव्हा विचारतात सातबारा कोणाचा. ज्या बाईने ते पीक निंदले, तिचे नाव सातबाऱ्यावर नसते. आणि जिला सातबाराच नाही, त्या मजूर बाईचे पावसात बुडालेले दहा-बारा रोज कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. नुकसान जमिनीचे धरले जाते, श्रमाचे नाही.

याला इलाज नाही असे मात्र नाही. १९७२ च्या दुष्काळातून या महाराष्ट्राने रोजगार हमी उभी केली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. त्या कामांवर बाया मोठ्या संख्येने होत्या. सावली, पिण्याचे पाणी आणि पाळणाघर या गोष्टी त्यांच्या मागण्यांमुळे हक्काच्या झाल्या. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरांच्या दुरुस्ती-बांधणीत गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायांनी संवाद सहायक म्हणून काम केले. चांदवडच्या १९८६ च्या अधिवेशनानंतरच्या काळात शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक गावांत बायकांच्या नावे जमीन झाली. गुजरातेत 'सेवा' संघटनेने २०२३ मध्ये २१,००० कष्टकरी बायांसाठी उन्हाने बुडणाऱ्या रोजाचा विमा सुरू केला. आपत्ती सर्वांवर येते, पण हक्क मात्र मागणाऱ्यांनाच मिळतो.

म्हणून गटांना माझी विनंती आहे. यंदा प्रत्येक गटाने एक वही घालावी. कोणत्या दिवशी ऊन, वीज, गारपीट किंवा पावसाने काम बंद पडले, किती जणींचा रोज बुडाला, कोण आजारी पडली, इशारा कसा आणि किती वाजता पोचला, हे लिहावे. लिहिता येत नसेल त्या बाईचे म्हणणे शाळेतल्या मुलीने लिहून घ्यावे. ही वही ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ठरावात घ्या. तीन मागण्या धरून ठेवा: पंचनाम्याच्या वेळी गटातल्या दोन बाया हजर असाव्यात, दुपारी उन्हात काम बंद ठेवले तरी रोज पुरा मिळावा, पुराचा इशारा दवंडीने आणि भोंग्याने प्रत्येक वस्तीत, घाटापर्यंत पोचावा.

पुलगावच्या बाया वहीला सुरुवात करत आहेत. तुमच्या गावच्या वहीतली पाने आम्हाला पाठवा. पुढच्या अंकात ती छापू आणि एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवू.