उष्ट्याचं पुण्य

बेळगावहून सांबऱ्याकडं जाताना वाटेत एक कार्यालय आहे. नाव सांगत नाही, कारण असं कार्यालय आता गावोगावी आहे. मागच्या माघात तिथं आमच्या नात्यातलं लग्न होतं. दिवस मावळायच्या आत सगळ्या पंगती उठल्या, आपली शिस्तच आहे ती. हात धुवायला मागच्या बाजूला गेले, तर वाढपी पोरं पत्रावळ्या, भात, आमटी, जिलेबीचे तुकडे सगळं एकत्र पिशव्यांत कोंबून कुंपणापलीकडच्या खड्ड्यात फेकत होती. तिथं कावळे, बगळे, साळुंक्या आणि कुत्री यांची वेगळीच पंगत बसली होती. वर घारी गिरक्या घेत होत्या. तेवढ्यात सांबऱ्याला उतरणारं विमान त्याच आभाळातून खाली गेलं. शेजारी उभ्या असलेल्या अक्का म्हणाल्या, "असू दे गं, पाखरांच्या पोटात तरी जातंय. पुण्यच ते."

या पुण्याबद्दल मला आज भांडायचं आहे.

विमानाला पाखराची धडक बसते ती बहुतेक वेळा चढताना किंवा उतरताना, जमीन जवळ असताना. त्या वेळी वैमानिकाला वळायला जागा नसते आणि विचार करायला वेळ नसतो. पाखरू इंजिनात ओढलं गेलं की आतली पाती वाकतात, तुटतात, कधी आग लागते. पाखरू मोठंच असावं लागतं असंही नाही. १९६० साली अमेरिकेत बॉस्टनला उड्डाण केल्याकेल्या एक विमान थव्यात सापडून कोसळलं. ७२ पैकी ६२ माणसं गेली. तो थवा होता आपल्या साळुंकीच्या कुळातल्या छोट्या पाखरांचा.

इतकं लांब कशाला जायचं? चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा. १६ नोव्हेंबर २०१९ ला दाबोळीहून उडालेलं नौदलाचं मिग विमान थव्यात सापडलं. एक इंजिन बंद पडलं, दुसऱ्यानं पेट घेतला. दोघे वैमानिक उडी घेऊन वाचले आणि विमान वेर्ण्याच्या पठारावर कोसळलं. जून २०२२ मध्ये पाटण्याहून १८५ प्रवासी घेऊन निघालेल्या विमानाच्या इंजिनाला पाखराच्या धडकेनं आग लागली. वैमानिक होत्या कॅप्टन मोनिका खन्ना. एका इंजिनावर त्यांनी विमान परत आणलं आणि सगळ्यांना सुखरूप उतरवलं. आपण बायांनी त्यांचं कौतुक केलं, फोटो एकमेकींना पाठवले. पण प्रत्येक वेळी असं निभावेलच, याची हमी कोण देणार?

विषय निघाला की आपल्यातल्या पुष्कळजणी लगेच बोट दाखवतात: "मटणाची दुकानं बंद करा, घारी आपोआप जातील." अर्धं खरं आहे. मांसाच्या तुकड्यांवर घारी येतात, म्हणून विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत जनावरं कापणं आणि उघड्यावर घाण टाकणं या दोन्हींना विमान नियमावलीनं मनाई केली. दोन्हींना! त्यातलं पहिलं आपण मोठ्यानं वाचतो आणि दुसरं वाचतच नाही. आपल्या भाताच्या ढिगावर उंदीर येतात, किडे पडतात. किड्यांवर बगळे येतात आणि उंदरांवर घारी. उष्टं शाकाहारी होतं की मांसाहारी, हे घार विचारत नाही.

दुसरं उत्तर असतं, "विमानतळवाल्यांनी बघावं." ते बघतातच. फटाके वाजवतात, भोंगे लावतात, बंदुकीचे बार काढतात. म्हणजे आपण ताट मांडून पाखरांना बोलवायचं आणि दुसऱ्यानं त्यांना बार काढून हाकलायचं. आणि जे हाकललं जात नाही, ते इंजिनात मरतं. याला दया म्हणायचं? पाणी गाळून पिणाऱ्या आपण, आपल्या उष्ट्यामुळं मेलेलं पाखरू कुणाच्या खात्यावर मांडणार? मुनींच्या पाच समितींतली शेवटची उत्सर्ग समिती. टाकायची गोष्ट टाकतानाही जागा निर्जंतुक आहे का, कुणा जीवाला इजा तर होणार नाही ना, हे पाहायचं. ते व्रत मुनींचं, कबूल. पण त्यातली अक्कल तर श्राविकांनी घ्यायला हरकत नाही ना?

मग नगरपालिका, महापालिका यांना मोकळं सोडायचं का? मुळीच नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचऱ्याची भरावभूमी विमानतळापासून २० किलोमीटर लांब ठेवायला सांगितलं. १० ते २० किलोमीटरच्या मध्ये करायची, तर विमान खात्याची परवानगी घ्यायला सांगितलं. एवढं स्पष्ट असताना, गाडी लांब न्यायचं डिझेल वाचवायला नाल्याकाठी ढीग उपसायचे आणि वर्तमानपत्रात "पक्ष्यांचा उपद्रव" असं छापून आणायचं! उपद्रव पाखरांचा नाही, आपला आहे.

होत नाही म्हणू नका. इंदूरला देवगुराडियाला वर्षानुवर्षांचा कचऱ्याचा डोंगर होता. तो उपसून, चाळून संपवला आणि तिथं झाडं लावली. २०२२ मध्ये तिथंच रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा कारखाना सुरू झाला. त्या गॅसवर शहराच्या बसगाड्या धावतात. हे जमलं ते यंत्रामुळं जेवढं, तेवढंच घराघरातल्या बाईनं ओलं आणि सुकं वेगळं केलं म्हणून. मिसळलेल्या कचऱ्याचा गॅस होत नाही, ढीगच होतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कार्यालय ठरवताना आपण हॉल, पार्किंग, स्वयंपाकी सगळं विचारतो. त्यात एक प्रश्न वाढवा: "उष्टं कुठं टाकता?" खड्डा झाकलेला नसेल, खताची सोय नसेल, तर पूजा असो की लग्न, तिथं तारीख घ्यायची नाही. मंडळाच्या बैठकीत हा ठराव करा. महापालिकेला पत्र लिहून ढिगाचं विमानतळापासूनचं अंतर विचारा, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा. आणि मुळात पानात तेवढंच घ्या, जेवढं संपेल.

त्या दिवशी अक्कांना मी काही बोलले नाही. लग्नघर होतं, वडीलधारी बाई. आज बोलते: अक्का, पाखरांना खरंच खाऊ घालायचं असेल तर झाड लावू या. उष्ट्याचं पुण्य आता पुरे.