कॉफीच्या गावात कॉफी शोधताना

नैरोबीत चांगली कॉफी मिळते का? मिळते. पण शोधावी लागते, आणि मला तेच खटकतं.

शहराला लागूनच किआंबूचे कॉफीचे मळे. देशाच्या कॉफीचा लिलावही याच शहरात. आणि मी उतरलो होतो त्या लॉजवर न्याहारीला काय, तर गरम पाणी आणि पावडरची पुडी! वेटरला विचारलं, इथली कॉफी नाही का? तो हसला. म्हणाला, "ती बाहेर जाते साहेब, आम्ही चहा पितो."

खरंच आहे ते. केनियात घरोघरी दुधाचा चहा चालतो आणि कॉफीचं बहुतेक पीक परदेशी जातं. हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. इंग्रजांच्या काळात मळे गोऱ्यांचे. 1930च्या दशकापर्यंत आफ्रिकी शेतकऱ्याला कॉफी लावायची मुभाच नव्हती. खरी मोकळीक मिळाली ती 1954 नंतर. 1963 ला देश स्वतंत्र झाला, पण व्यवस्था निर्यातीचीच राहिली. शेतकरी लाल फळं सोसायटीत घालतो. तिथून बी गिरणीत, मग लिलावात, मग जहाजात. भाजून, पाकिटात भरून विकण्याचा मोठा नफा परदेशात. शेतकरी मात्र सोसायटीच्या पैशाची वाट बघत बसतो. आपल्या ऊसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको!

परिणाम काय? 1980च्या दशकाच्या शेवटी सव्वा लाख टनांवर गेलेलं उत्पादन आता 50 हजार टनांच्या आसपास आलंय. किआंबूत कॉफीची झाडं उपटून प्लॉट पडताहेत.

शेजारच्या इथिओपियात बघा. अदिस अबाबात रस्त्याकडेला बाई मातीच्या जेबेनातून, म्हणजे सुरईसारख्या भांड्यातून, कॉफी ओतून देते. तो देश आपली जवळपास निम्मी कॉफी स्वतःच पितो. लिलावात भाव पडला तरी घरचं गिऱ्हाईक असतं.

नैरोबीतही आता कॅफे वाढलेत, स्थानिक भाजणारे आलेत. पण तो कप अजून मॉलवाल्यांचा आहे, मजुराच्या खिशातला नाही. तो टपरीवर स्वस्त मिळेल तेव्हाच काही बदलेल, असं माझं मत.

कुणी जाणार असाल तर पाकिटावर न्येरी किंवा किरिन्यागा हे नाव आणि भाजल्याची तारीख बघा. 'डबल ए' म्हणजे बी मोठं, एवढंच. चवीची हमी नव्हे. आधी बिनदुधाची प्या. फळासारखा आंबटगोडपणा लागला, तर माल अस्सल.

आणि हो, हसण्याआधी एक सांगा. आपल्या चिखलदऱ्यातही कॉफी पिकते. तिथे फिरायला गेल्यावर तिथलीच कॉफी किती जणांनी मागून प्यायली? खाली लिहा.