तुरीच्या शेंगेतली माशी : मित्र की शत्रू?

आपल्याच अफझलपूर तालुक्यातील गाणगापूरला दत्तदर्शनासाठी जाणाऱ्यांना अवधूताचे चोवीस गुरू ठाऊक असतात. भागवताच्या अकराव्या स्कंधातील त्या यादीत अगदी शेवटी एक गांधीलमाशी आहे. आपण जिला कुंभारीण म्हणतो ती. भिंतीवर मातीचे घर बांधायचे, त्यात अळी आणून कोंडायची, आणि काही दिवसांनी त्या घरातून अळीऐवजी माशीच बाहेर पडायची. कोंडलेल्या अळीने भीतीपोटी अहोरात्र माशीचे ध्यान केले म्हणून ती माशीच झाली, असा अर्थ लावला गेला. निरीक्षण बिनचूक होते, अर्थ मात्र चुकला. ती अळी म्हणजे कुंभारणीच्या पिल्लाचा शिधा. दृष्टान्त म्हणून त्यात काही बिघडत नाही. शेतात असा चुकीचा अर्थ लावला, की बिघडते.

कुंभारीण शिकार करून आणते. तिच्या असंख्य चुलत बहिणी तेवढेही कष्ट घेत नाहीत. त्या दुसऱ्या किड्याच्या अंड्यात, अळीत किंवा कोषात आपले अंडे घालतात आणि त्यांचे पिल्लू यजमानाला आतून खाऊन संपवते. या परोपजीवी गांधीलमाश्या. कानडी बांधव गांधीलमाशीला ‘कणज’ म्हणतात, आणि धान्याच्या कोठारालाही त्यांच्याकडे कणजच म्हणतात. (आपली कणगी आठवावी!) हा शब्दांचा योगायोग असेलही, पण तुरीच्या या मुलखात दोन्ही कणजांचा संबंध खरोखरीचा आहे.

माझे म्हणणे असे की, या माश्या त्यांच्या अंगावरच्या खुणांवरून ओळखण्याची विद्या आपल्या भागातील महाविद्यालयांत शिकवली गेलीच पाहिजे. झुरळाची मुखांगे काढून जर्नल भरण्यात आपण पिढ्या घालवल्या. पण बांधापलीकडच्या तुरीच्या शेंगेतून काय बाहेर पडते, हे पदवीधरालाही सांगता येत नाही. ‘मित्रकीटक’ हा शब्द एकदा पाठ झाला, की प्रत्येक बारीक माशी आपल्याला मित्र वाटू लागते.

ती तशी असतेच असे नाही. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये इक्रिसॅट ही संस्था स्थापन झाली. तेथील तुरीच्या शेंगांतून तिळाहूनही लहान अशी एक माशी निघत असे. शेंगेतून अशी माशी निघाली, की ती शेंगमाशीच्या अळीवर जगणारी असावी, असे कुणालाही वाटेल. पण ही तुरीवरच जगणारी निघाली. तिची अळी कोवळ्या शेंगेत वाढते आणि तो कप्पा दाण्यावाचून राहतो. १९८५ मध्ये लतीफ, रीड व ला सॅल यांच्या लेखात तिला टॅनाओस्टिग्मोड्स कॅजानिनी असे नाव मिळाले आणि तुरीची संभाव्य कीड म्हणून तिची नोंद झाली.

याच शेंगेतून युडेरस ही माशी निघू शकते. ती शेंगमाशीचा नाश करते, म्हणजे खरी मित्र. मग दोघींना ओळखायचे कसे? सूक्ष्मदर्शकाखाली पायाचे टोक पाहावे. युडेरसच्या पावलाचे खंड चार, टॅनाओस्टिग्मोड्सचे पाच. मात्र पाच मोजून लगेच निकाल देऊ नये. शेंगमाशीवरच जगणाऱ्या ऑर्मायरसलाही पाचच खंड असतात. तिच्या पोटावर खडबडीत खळग्यांच्या ओळी दिसतात. टॅनाओस्टिग्मोड्सच्या छातीच्या बाजूस, मानेलगत, एक लहानसा भाग फुगून पुढे आलेला असतो. एका खुणेवर विसंबायचे नाही, चार खुणा जुळवायच्या. मोठ्या माश्यांत पंखांच्या शिरा उपयोगी पडतात. हरभऱ्यावरच्या घाटेअळीत अंडे घालणारी कँपोलेटिस ज्या कुळातली, त्या कुळाच्या पुढच्या पंखात एक आडवी शीर जास्त असते. ब्रॅकोनिड कुळात ती नसते. एवढ्याशा शिरेवरून कूळ ठरते!

नाव चुकले म्हणून शेतकऱ्याचे काय अडते, असे कुणी विचारील. भीमाकाठच्या उसावर लावतात त्या ट्रायकोकार्डाचेच पाहा. त्यावरच्या पतंगाच्या अंड्यांत वाढणारी ट्रायकोग्रामा जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची. भारतातल्या या माश्यांना पूर्वी अमेरिकेतल्या व युरोपातल्या जातींची नावे सरसकट दिली जात. बंगळूर येथे सुधा नगरकट्टी व एच. नागराज यांनी नरांची जननेंद्रिये काचपट्टीवर तपासून, जाती वेगळ्या करण्याची खरी खूण तेथे आहे, हे १९७१ मध्ये सविस्तर दाखवले. आपल्याकडील मुख्य जातीचे किलोनिस हे आजचे नाव निश्चित होण्यास १९७९ उजाडले. कोणती जात कोणत्या पिकात चालते, हा प्रश्न जाती वेगळ्या झाल्यावरच विचारता येतो. कॅलिफोर्नियात संत्र्या-लिंबांवरील लाल खवलेकिडीच्या बाबतीत हेच घडले. पूर्वेकडे आढळणाऱ्या पिवळ्या ॲफायटिस माश्या आपल्याकडे आहेत त्याच, अशा समजुतीने त्या आणण्याचे अनेक वर्षे राहून गेले. अखेर ज्या जातीने तेथे मोठे काम केले, ती ॲफायटिस मेलिनस १९५६-५७ मध्ये भारत व पाकिस्तानातूनच गेली.

आता डीएनए तपासता येतो, मग डोळे कशाला शिणवायचे, हा आक्षेप प्राध्यापक मंडळींकडूनही ऐकू येतो. त्यात तथ्य नाही असे नाही. ट्रायकोग्रामाच्या माद्या केवळ रूपावरून वेगळ्या करणे बहुधा शक्य होत नाही. तेथे डीएनए हाच आधार. पण तपासलेला डीएनए ज्या संग्रहाशी ताडून पाहायचा, त्या संग्रहातील नमुन्याला नाव कुणी दिले? पावलाचे खंड मोजणाऱ्यानेच ना? शिवाय हे यंत्र करजगीच्या बांधावर येणार नाही. भिंग येईल.

खर्चाचा प्रश्नही फारसा नाही. रुंद तोंडाची बाटली, वर बांधायला मलमल, एक भिंग, थोडे अल्कोहोल आणि प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक एवढ्यावर सुरुवात होईल. तुरीच्या शेंगा भरू लागल्या, की विद्यार्थ्यांनी गावोगावच्या शेतांतून, फवारलेल्या आणि न फवारलेल्याही, मूठभर शेंगा आणून बाटल्यांत ठेवाव्यात. रोज पाहावे. जे बाहेर पडेल ते कुपीत घालून त्यावर गाव, पीक, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव मराठीत व कन्नडमध्ये लिहावे. ओळख पटणार नाही ते नमुने बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोकडे विचारणा करून पाठवावेत. प्राणिशास्त्र विभागात एक कपाट रिकामे करायचे आहे, आणि ते पुढच्या हंगामाच्या आत करता येईल.