पोते, दोरी आणि चिंध्यांचा चेंडू

शेतकऱ्याच्या घरी मुलांच्या खेळाचा विषय निघाला की एक उत्तर हमखास मिळते : "आमच्या पोरांना खेळ कशाला हवा? शेतात राबतात, तोच त्यांचा व्यायाम." या उत्तरात कष्टाचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. परंतु आम्हांस हे म्हणणे पटत नाही.

काम निराळे व खेळ निराळा. सोयाबीन निंदताना मूल तासन् तास वाकलेलेच असते. पाण्याची कळशी रोज त्याच कमरेवर येते. खेळात मात्र धावणे, उडी, नेम, तोल हे सारे आळीपाळीने घडते. उडी मारताना हाडांवर जो भार येतो, त्याने वाढत्या वयात हाडे बळकट होतात. शिवाय आता शेतातले पुष्कळसे काम ट्रॅक्टर व हार्वेस्टर करतात, आणि संध्याकाळी मूल मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसते. म्हणजे कामही सुटले आणि खेळही सुटला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे चांगला दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे. वासराला वैरण जशी रोज लागते, तसाच मुलाला हा एक तास रोज हवा.

यासाठी पैसे लागतात हाही गैरसमज आहे. आपल्या उज्जैनचे नाव मल्लखांबाने देशभर गेले आहे. येथील प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० सालचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. मध्य प्रदेश शासनाने २०१३ साली याच खेळाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. त्याला साधन काय, तर एक लाकडी खांब किंवा एक दोर! खांब गुरूशिवाय चढू नये. पण पुढील खेळ कोणत्याही अंगणात होतील.

सितोलिया, म्हणजेच महाराष्ट्रातील लगोरी : कौलाचे सात चपटे तुकडे कडा घासून एकावर एक रचावेत. जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून, वरून सुतळी आवळून चेंडू करावा. हा चेंडू लागला तरी इजा होत नाही.

बटाटा-शर्यत : दोन-दोन पावलांवर पाच बटाटे ओळीने ठेवावेत व एकेक उचलून आरंभीच्या टोपलीत आणून टाकावा. पाच बटाट्यांत साठ पावलांची धाव होते, वाकणे-वळणे वेगळेच.

पोत्याची शर्यत : गव्हाचे स्वच्छ बारदान कमरेपर्यंत ओढून मऊ जमिनीवर वीस पावले उड्या मारीत जावे.

दोरी : मोठ्यांनी दोरीउड्या माराव्यात. लहानांसाठी तीच दोरी जमिनीवर सरळ पसरावी व तिच्यावरून तोल सावरीत चालावयास लावावे.

पावसात ओसरीवर बारदाने पसरून एकाने थाळी वाजवावी. थाळी थांबली की प्रत्येकाने एक बारदान पकडावे. बारदान एक कमीच ठेवावे, म्हणजे धांदल उडते.

आता एक गोष्ट आम्ही कळकळीने सांगतो. घरातील प्रत्येक रिकामी वस्तू खेळणे नव्हे. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी तो मुलाच्या हाती देऊ नये. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले, आणि संशय तेलाच्या डब्यावर आला. म्हणून रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपात ओतावे, मग डब्याला भोके पाडून तो मुलांपासून दूर ठेवावा. औषध लावलेल्या बियाण्याचे पोतेही शर्यतीस घेऊ नये. रतनजोत व एरंड यांच्या बिया विषारी आहेत, त्या सोंगट्या म्हणून देऊ नयेत. तीन वर्षांखालील मुलाजवळ चिंचोके, दाणे, गोट्या नकोत, घशात अडकतात. खेळाची जागा उघड्या विहिरीपासून व चालू मळणीयंत्रापासून लांब असावी.

आणखी एक. मुलगे खेळतात तेव्हा मुली कोठे असतात? बहुधा धाकट्या भावाला कडेवर घेऊन बाजूला उभ्या असतात, नाही तर भांड्यांपाशी. हाडे काय मुलग्यांनाच असतात? उद्या बाळंतपण व संसार जिला सोसावयाचा आहे, तिचे शरीर आज बळकट व्हावयास हवे. अर्धा तास ते बाळ आजीने किंवा बापाने घ्यावे. यात कमीपणा नाही.

खेळ हा देवाच्या कामात अडथळा आहे असे कोणी समजू नये. जखऱ्या संदेष्ट्याने यरुशलेमच्या चांगल्या दिवसांचे चित्र रेखाटले, तेव्हा त्यात रस्त्यांवर खेळणारी मुले व मुली, दोन्ही दाखविली. प्रभू येशूनेही बाजारात खेळणाऱ्या मुलांचा दृष्टान्त दिला, म्हणजे त्याने त्यांचे खेळ पाहिले होते. संत जॉन बॉस्को लहानपणी दोरीवरून चालून व हातचलाखी करून गावची मुले जमवीत आणि खेळाबरोबर त्यांना प्रार्थनाही करावयास लावीत. पुढे तरुणांचे पालनपोषण हेच त्यांचे जीवनकार्य झाले.

आई-बापांकडे आमचे मागणे थोडेच आहे. ऊन उतरल्यावर मुलांना एक तास मोकळे सोडा, आणि आठवड्यातून एकदा तरी स्वतः त्यांच्यात उतरा. बाप पोत्यात पाय घालून उडी मारतो तेव्हा मुलाला मोबाइलची आठवण राहत नाही. येत्या रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आरंभ करू. प्रत्येक कुटुंबाने एक धुतलेले बारदान आणावे. बटाटे आम्ही आणू.