नावाचा कॉलम

तर झालं असं. माझा मावसभाऊ एमबीबीएस करतोय. आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप असते ना, दोन महिन्यांचं छोटं संशोधन, ती त्याला मिळाली. विषय : टीबीचे उपचार लोक मधेच का सोडतात. "दादा, जरा चार्ट काढून दे ना" म्हणून शनिवारी सकाळी पठ्ठ्याने एक्सेल शीट व्हॉट्सॲपवर धाडली. नावाचा कॉलम आठवणीने उडवलेला.

उरलेले कॉलम : वय, लिंग, गाव, व्यवसाय, निदानाची तारीख, एचआयव्ही चाचणीचा निकाल. (टीबीच्या पेशंटची ती चाचणीही करतात.) एका ओळीत माझं आजोळ दिसलं. स्त्री, पोस्टात नोकरी. हजारभर वस्तीच्या त्या गावात पोस्टात काम करणारी बाई एकच आहे. शेवटचा कॉलम वाचायला नको होता, पण तोवर वाचून झाला होता..

फोन केला तर म्हणे, "अरे, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे, पेशंटच्या सह्यासुद्धा आहेत." असतील. पण सही केली त्या कागदावर 'माहिती गुप्त राहील' असं लिहिलेलं असतं, 'ताईंच्या मुलाला चार्टसाठी पाठवू' असं नाही!

नाव काढलं की माणूस लपतो हा गैरसमज जुना आहे. मॅसॅच्युसेट्समधे सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी अशाच नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. 1997 साली लतान्या स्वीनीने 20 डॉलरला केंब्रिजची मतदारयादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवले आणि खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्डच्या नोंदी शोधून काढल्या. तीही तेव्हा विद्यार्थिनीच होती.

मला तर मतदारयादीही लागली नाही.

भावाला गाव हवं कशाला होतं? केंद्र किती लांब आहे ते बघायला. मग किलोमीटर लिही की! वय दहा-दहा वर्षांच्या गटात, व्यवसाय शेती-नोकरी-इतर, तारखेऐवजी उपचाराचे महिने. अर्ध्या तासाचं काम. आमच्याकडे ग्राहकांचा खरा डेटा टेस्टिंगला वापरला तर बोंबाबोंब होते, आणि इथे मूळ शीट पोराच्या फोनवर. त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही, हे बघणं गाइडचं काम. गाइडना सांग म्हटलं तर गप्प झाला. रिपोर्टवर सही त्यांचीच लागते.

शीट मी डिलीट केली. दिवाळीत आजोळी जायचंय. पोस्ट मामाच्या घरासमोरच आहे.