काळाचे निर्वासित आणि मराठी श्रुतिका

मराठींत विज्ञानकथेचें नांव निघालें कीं आमचे कांहीं टीकाकार नाक मुरडतात, आणि तिची श्रुतिका करावी असें कोणी सुचविलें तर हंसूंच लागतात. त्यांतही युद्धापासून पळालेले, स्वतःच्या काळाला मुकलेले कालप्रवासी हा विषय असेल, तर हें साहेबाचें उष्टें आहे, अशास्त्रीय आहे, आणि श्रुतिका हा प्रकारच मेलेला आहे, असा तिहेरी निकाल ऐकावयास मिळतो. हा निकाल चुकीचा तर आहेच, परंतु आपल्या वाङ्मयाला तो हानिकारकही आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम उष्ट्याचा आरोप पाहूं. इंग्लंडांत बी.बी.सी.नें २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं ‘डॉक्टर हू’ ही दूरचित्रवाणीवरील मालिका सुरू केली. तिच्या पहिल्याच भागांत वृद्ध नायक आपण व आपली नात स्वतःच्या जगापासून तुटलेले निर्वासित आहों असें सांगतो. १९९९ पासून बिग फिनिश ही संस्था ह्याच मालिकेच्या श्रुतिका काढीत आहे, आणि २०१५ सालीं तिनें काळांतच लढल्या गेलेल्या एका महायुद्धाची कथा जॉन हर्ट ह्या नटाच्या आवाजावर उभी केली. हें सारें परकें खरें. परंतु कल्पना परकी आहे काय? विष्णुपुराण उघडून पाहावें. राजा रैवत ककुद्मी कन्या रेवतीला घेऊन तिच्यासाठीं वर विचारावयास ब्रह्मलोकीं जातो. तेथें गंधर्वांचें गायन चाललेलें असतें, तें संपेपर्यंत तो थांबतो, आणि तेवढ्यांत पृथ्वीवर युगें लोटतात. भागवतानें हा हिशेब सत्तावीस चतुर्युगांचा दिला आहे. इकडे पुण्यजन राक्षसांनीं त्याची कुशस्थळी उद्ध्वस्त केलेली, आणि त्याचे शंभर भाऊ भयानें दाही दिशांना पांगलेले! वृद्ध पुरुष, सोबत मुलगी, बुडालेली नगरी, बंद झालेली परतीची वाट. साहेबाच्या ताटांत ह्याहून निराळें काय वाढलेलें असतें? शिवाय राजाचा काळ हरवला तो गायन ऐकतांना, हें श्रुतिका लिहिणारानें तरी विसरूं नये.

दुसरा आरोप अशास्त्रीयतेचा. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. आइन्स्टाइननें १९०५ सालीं मांडलेल्या सिद्धान्ताप्रमाणें प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगानें जाणाऱ्या यानांत जो ५ वर्षें काढील, त्याला परतल्यावर पृथ्वीवर सुमारें ५० वर्षें सरलेलीं आढळतील. हें केवळ कागदावरचें गणित नव्हे. वातावरणाच्या वरच्या थरांत निर्माण होणारे म्युऑन कण सरासरी २.२ मायक्रोसेकंदच जगतात, तरी ते भूमीपर्यंत पोंचतात तें ह्याच नियमामुळें. पुढच्या काळांत जाण्याची वाट अशी उघडी आहे. मागें फिरण्याची वाट मात्र शास्त्राला आजवर सांपडलेली नाहीं. म्हणजे पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनें पाहतां कालप्रवासी हा स्वभावतःच निर्वासित ठरतो! घरीं सुखरूप परतणारा प्रवासी हीच खरी कविकल्पना.

आणि आपल्या विज्ञानकथेंत लाडका आहे तो हा परतणाराच. डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) ह्यांच्या ‘गंगाधरपंतांचें पानिपत’ ह्या कथेंत पंत मराठ्यांनीं पानिपत जिंकलेल्या जगांत जाऊन येतात, आणि एक शास्त्रज्ञ मित्र त्यांना सारा उलगडा करून देतो. ही कथा उत्तमच आहे, आणि नारळीकरांचें ऋण मराठी वाचक कधीं विसरणार नाहीं. परंतु एका उत्तम कथेची वाट ही साऱ्या वाङ्मयाची चाकोरी होऊं नये. जावें, यावें आणि फळ्यापुढें उभें राहून शंकानिरसन ऐकावें, ह्या क्रमांत विज्ञान शिकवून होतें; माणूस मात्र कोराच राहतो. ज्याला परततां येत नाहीं, त्याच्या तोंडीं कोणती भाषा येईल, हा प्रश्न कोणी विचारीतच नाहीं.

श्रुतिका मेली म्हणणारांनीं पालघर जिल्ह्यांतील कुंभवलीस जाऊन यावें. बोईसरलगतचें हें गांव तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला खेटून आहे. येथील पाळीवरच्या कामगाराचे हात गुंतलेले असतात, डहाणूच्या लोकलमध्यें उभें राहून त्याचे डोळे शिणलेले असतात. कान मात्र मोकळा असतो, आणि ऐकण्याचें यंत्र त्याच्या खिशांतच असतें. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं नभोवाणी सुरू झाली तेव्हां इतके कान कोणाला मिळाले होते? शिवाय दुसऱ्या युगाचा देखावा उभारावयास चित्रपटाला कोट्यवधि रुपये लागतात, श्रुतिकेला एक लेखणी आणि दोन चांगले आवाज पुरतात.

विषय तर दाराशींच आहे. ह्याच जिल्ह्यांत, डहाणू तालुक्यांतील बहारोटच्या गुहांत, संजाणच्या लढाईंतून निसटलेल्या पारशांनीं आपला पवित्र अग्नि १२ वर्षें लपवून ठेवला, अशी त्यांची परंपरा सांगते. आणि कुंभवलीच्या पश्चिमेस, समुद्रकांठीं, तारापूरचें अणुविद्युत्केंद्र १९६९ पासून उभें आहे. त्याच्या ३ व ४ क्रमांकांच्या अणुभट्ट्यांसाठीं अक्करपट्टी आणि पोफरण हीं दोन गांवें उठविण्यात आलीं. अणुभट्ट्या २००५ आणि २००६ सालीं वीज देऊं लागल्या. वीज देशाला हवी होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्या गांवच्या म्हाताऱ्या माणसाचा विचार करावा. त्याचें गांव ज्या जागीं होतें ती जागा आजही नकाशावर आहे. तरी तेथें जाणारी एकही वाट त्याच्यासाठीं उरलेली नाहीं, कारण त्याचें घर आतां भूमीवर नाहीं, काळांत आहे. हा मनुष्य ककुद्मीचाच वंशज नव्हे काय? लढाईवांचूनही माणूस काळाबाहेर फेंकला जातो, हें त्यानें आम्हांला दाखविलें आहे. त्याचें दुःख वर्तमानपत्रांत नुकसानभरपाईच्या आंकड्यांनीं मोजलें जातें. तें आवाजानें सांगण्याचें सामर्थ्य ह्या हिणविलेल्या वाङ्मयप्रकारांत आहे.

म्हणून लेखकांना आमचें सांगणें इतकेंच कीं, यंत्राचें वर्णन चार वाक्यांत आटोपावें आणि उरलेला वेळ परत न जाऊं शकणाऱ्या माणसाला बोलूं द्यावें. आकाशवाणीनें आणि मराठी विज्ञान परिषदेनें अशा श्रुतिका मागवाव्या, आणि त्यांतले आवाज किनाऱ्याच्या बोलींतले असावे. टीकाकारांनीं त्या आधीं ऐकाव्या, आणि मग खुशाल नांवें ठेवावीं.